कोपरीच्या कॅफेत पहिले ख्रिस्ती

एका विषयामागे तीन-चार माणसं लागली की विषय राहतो बाजूला आणि किस्सेच साठत जातात. आमचं तसंच झालं. नव्वदचं दशक संपत आलेलं. मी बँकेत नोकरी करून बाहेरून इतिहासात एम.ए. करत होते. पेपर घेतला सुरुवातीच्या ख्रिस्ती धर्माचा, आणि लायब्ररीत त्यावर एकच पुस्तक. तेही अर्धं वाळवीने वाचलेलं! माझे जुने शिक्षक देवधर सर म्हणाले, "इंटरनेटवर बघू या." सोबतीला सरांच्या शाळेतल्या फिलोमिना टीचर, जन्मापासून ठाण्याच्या आणि चर्चच्या. कोपरीत मनोहरभाईंचं सायबर कॅफे होतं. तिथे आमचा अड्डा जमला.

•

पहिल्या दिवशी सरांनी एका बोटाने टाईप केलं, "अर्ली चर्च". पान उघडेपर्यंत आम्ही श्वास रोखून बसलेलो. उघडलं, तर अमेरिकेतल्या कुठल्याशा गावची सूचना: अर्ली चर्च, दर रविवारी, सकाळी साडेसहा!

सर हादरलेच. "अहो, मला पहिलं शतक हवंय, पहिली बॅच नको!"

•

मग एकदा खरा खजिना लागला. रोमन तुरुंगातल्या एका तरुण मुलीने स्वतः लिहिलेली हकिगत. अंगावर पिणारं बाळ, आणि म्हातारा बाप पाया पडून म्हणतोय, एकदा फक्त "मी ख्रिस्ती नाही" म्हण. टीचर मोठ्याने वाचत होत्या. मनोहरभाईसुद्धा खुर्ची ओढून आले. आणि नेमकं तिथेच कनेक्शन तुटलं! वरच्या मजल्यावर मनोहरभाईंच्या बायकोने, भाभींनी, त्याच लाईनवरचा फोन उचललेला.

मनोहरभाई जिन्यात जाऊन ओरडले, "फोन रख! इधर एक लड़की जेल में है!"

वरून भाभी किंचाळल्या, "हाय राम! किसकी लड़की?"

पाच मिनिटांत अख्खी बिल्डिंग खाली.

•

पान पुन्हा लागलं. मुलगी बधली नाही. तिला मैदानात जनावरांपुढे सोडलं. टीचर पांढऱ्याफटक पडल्या.

"चर्चमध्ये हिचं नाव लहानपणापासून ऐकतेय मी," त्या म्हणाल्या. "ती आई होती, हे आज कळलं."

•

घरी वेगळाच धक्का. रोमन लोक पहिल्या ख्रिश्चनांवर काय काय आळ घ्यायचे, त्याचं प्रिंटआऊट मी टेबलावर विसरले. सासूबाईंनी चष्मा लावून नेमकी एकच ओळ वाचली: हे लोक लहान मुलं खातात!

"अगं, आणि तू यांच्यात ऊठबस करतेस?"

"आई, तो खोटा आळ होता! रोममध्ये!"

"रोममध्ये उगाच कोण कशाला बोलेल?"

रविवारी टीचर घरी आल्या. सासूबाईंनी आधी माझ्या मुलाला आतल्या खोलीत नेऊन कडी लावली. मग बाहेर येऊन अगदी नम्रपणे विचारलं, "तुम्हाला पोहे चालतात ना?"

•

आणि एक दिवस कॅफेत सर अचानक उभे राहिले. सहाव्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याचं प्रवासवर्णन स्क्रीनवर होतं. त्याने लिहिलेलं, भारतात "कल्याना" नावाच्या बंदरात एक बिशप आहे, इराणहून नेमलेला.

"कल्याण?" सरांचा आवाज चिरकला. "आमचं कल्याण? अहो, माझा जन्म तिथला! मी सगळ्या जगात शोधतोय!"

"काही अभ्यासक म्हणतात, ते गाव दुसरं असेल," मी खालची टीप वाचून दाखवली. पण ऐकतंय कोण!

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही तिघं कल्याणच्या खाडीवर. नुसता चिखल आणि उलट्या घातलेल्या होड्या. एक कोळीण जाळं झटकत होती. सर धापा टाकत तिच्यापुढे उभे राहिले.

"बाई, इथे कुठे ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती होती का हो?"

"कवा?"

"चौदाशे वर्षांपूर्वी."

तिने जाळं खाली ठेवलं. सरांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आन् तुमी आता आलाव?"