मळ्यातल्या विहिरीची पातळी

पूर्णा जंक्शनवर हैदराबादची गाडी आली तेव्हा दादा, म्हणजे माझे वडील, माझी पेटी खांद्यावर घेऊन भलत्याच डब्यामागे पळत सुटले. मामा रेल्वेत गँगमन, ते मागून ओरडत होते की आपला डबा इकडे आहे. दादांना गाड्यांमधलं काही कळत नसे. त्यांना कळायचं ते जमिनीखालचं. जिंतूरपासून चारठाण्यापर्यंत त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या विहिरी खोदल्या. गाडी हलली तेव्हा खिडकीचा गज धरून ते म्हणाले, "उपाशी ऱ्हाऊन शिकू नको." मी भूगर्भशास्त्र शिकायला निघाले होते. दादा त्याला दगडाची शाळा म्हणायचे आणि कुणी हसलं तर त्याच्याबरोबर हसायचे.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांनो, हे तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. गावात बोललं जातं की आपल्याच पोरीने आपलं गाव नकाशावर लाल केलं. खोटं नाही ते.

हैदराबादेत मला रुळायला वेळ लागला नाही. इथल्या दखनीतले निम्मे शब्द आपल्या बोलीत आहेतच. अवघड गेलं ते इंग्रजी, पण तिथेही गंमत झाली. सर फळ्यावर दगडाचे थर काढायचे, मी त्यांची लांबलचक नावं वहीत उतरवायचे आणि मग लक्षात यायचं, अरे, हा तर दादांचा मांजऱ्या दगड. भोकाभोकांचा, पाणी धरणारा. त्याच्याखाली काळा पाषाण, ज्यावर पहार वाजते आणि पाणी मिळत नाही. दहाव्या वर्षी दादांची भाकरी घेऊन विहिरीच्या काठावर बसायचे तेव्हाच हे सगळं मी पाहिलं होतं. पुढे फील्डवर्क, पीएचडी, संशोधन संस्थेतली नोकरी, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट हे सगळं झालं. पाहुण्यांना मी सांगायचे की मी वडिलांचाच धंदा चालवते, फक्त घाम गाळत नाही.

आता त्या विहिरीबद्दल. गावाबाहेरच्या मोठ्या मळ्यात घडीव दगडांची विहीर आहे. उन्हाळ्यात आपल्या वस्तीचा हापसा आटला की बाया तिथे जायच्या. माझी माय घागर घेऊन उभी राहायची आणि मळ्यातलं कुणी आलं तर वरून ओतायचं. कधी कधी दुपार व्हायची. मी पाच-सहा वर्षांची, पाण्यात डोकवायला पुढे गेले की माय माझा दंड धरून मागे ओढायची. "कठड्याला हात लावू नको, बाई." ती हे रागाने म्हणायची नाही, विस्तवाला हात लावू नको म्हणावं तसं म्हणायची. माय गेली त्याला बरीच वर्षं झाली. मळ्यातली पोरं आता माझ्याशी हसून बोलतात, चहा पाजतात. पण ते वाक्य मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं.

आमच्या संस्थेने एक प्रकल्प घेतला. पाऊस बेभरवशाचा झाला, महिनाभर दडी मारतो आणि एका दिवसात शेतं वाहून नेतो. अशा काळात गावांनी तग धरावा म्हणून जमिनीखाली पाणी किती उरलंय ते मोजायचं आणि त्यावरून पुढचं ठरवायचं. हट्ट करून मी आपला भाग मागून घेतला. आपल्या पाणलोटात पाण्याची पातळी मोजणारं यंत्र सोडायला दोन विहिरी योग्य होत्या. एक नाल्याकडची, वस्तीच्या शेतांजवळची. दुसरी मळ्यातली.

मी मळ्यातली निवडली. अहवालात कारणं लिहिली: बांधकाम मजबूत, खोली चांगली, रस्ता जवळ. तिन्ही खरी आहेत. चौथं कुणी विचारलं नाही. त्या दिवशी सगळा गाव जमला होता, मळ्याच्या मालकांनी स्वतः खुर्ची आणून दिली, आणि मी दोन्ही हात कठड्यावर टेकून, पाहिजे तेवढा वेळ, आत वाकून बघितलं. मग केबलला बांधलेलं यंत्र पाण्यात सोडलं. दादा गर्दीत मागे उभे होते, धुतलेलं धोतर नेसून. इतका आनंद मला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता. त्याची लाज आता वाटते.

त्या विहिरीभोवती मळ्याचे सात बोअर आहेत. यंत्र प्रामाणिकपणे दर सहा तासांनी आकडा पाठवत राहिलं आणि आकडा खाली खाली जात राहिला. दोन-तीन वर्षांनी त्याच आकड्यांवरून आपला अख्खा पाणलोट अतिशोषित, म्हणजे मुरतं त्याहून उपसा जास्त, म्हणून नकाशावर लाल रंगला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं मीच एका भाषणात म्हणाले आणि टाळ्या घेतल्या.

त्याच वर्षी दादांचं नाव सरकारी योजनेतल्या विहिरीच्या यादीत आलं. नाल्याकडचं दोन एकर रान, जन्मभर कोरडवाहू. दुसऱ्यांच्या किती विहिरी खोदल्या ते दादांनाही सांगता यायचं नाही, आणि स्वतःची पहिली विहीर अशी सत्तरीत मंजूर झाली होती. माझा धाकटा भाऊ मिलिंद पुण्याला निघायच्या बेतात होता. विहीर झाली तर इथेच राहतो, असं त्याने दादांना सांगितलं होतं. मग दादा भूजल कार्यालयात पाणी असल्याचा दाखला मागायला गेले तर साहेबांनी नकाशा दाखवला. लाल भागात नवी विहीर नाही. त्यावर कुणाचं नाव आहे हेही त्यांनी अदबीने सांगितलं. मळ्याचे सात बोअर मात्र चालूच राहिले, कारण ते आधीचे. नकाशा फक्त त्यालाच अडवतो जो कागद घेऊन विचारायला जातो.

मी रजा टाकून गावी आले. दादा ओसरीवर बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, ते चौथं कारणसुद्धा. मला वाटलं ते चिडतील. त्यांनी मळा आणि नाला यांच्या मधल्या रानाकडे बोट केलं.

"त्या हिरीचं पाणी म्हंजे गावाचं पाणी न्हाई, बाई," ते म्हणाले. "मधी काळ्या दगडाची उभी भित हाय. नाल्याकडचं पाणी तिकडं जात न्हाई. दोनदा खोल केली ती हीर मी, मला म्हाईत हाय."

"मंग त्याच दिवशी का सांगितलं न्हाई, दादा?"

"लय लोक होते. तू मशीन सोडायली होतीस, सगळे मॅडम मॅडम करायले होते. मला वाटलं, तुला ठाऊकच असंल."

दोन दिवस मी शेताशेतांतून तारा पसरून, जमिनीत वीज सोडून मोजलं. भिंत होती, दादांनी बोट दाखवलं तिथेच होती. मी भूजल कार्यालयाला नकाशाच्या दुरुस्तीचं पत्र लिहिलं. उत्तर सौम्य आलं: पुढच्या मूल्यांकनात विचार करू, शिवाय अर्जदार आपले वडील आहेत हेही लक्षात घ्यावं. तोवर मिलिंद बायकोपोरांना घेऊन पुण्याला गेला, एका सोसायटीत वॉचमन आहे. घराला कुलूप आहे आणि रान पडीक आहे. दादा माझ्याकडे हैदराबादेत असतात. सकाळी गॅलरीत बसतात, मी ऑफिसला निघाले की डबा घेतलास का विचारतात. गावाचं नाव काढत नाहीत. मीही काढत नाही.

इथे लोक विचारतात, घरी कधी जाणार? पूर्वी मी पटकन दिवाळी म्हणायचे. आता म्हणत नाही. बापाने पोरीला चारचौघांत बिनदिक्कत म्हणावं, थांब, चुकतेस तू, आणि पोरीने हातातलं सोडून ऐकावं, त्याला मी घर म्हणते. तसं घर मला होतं. त्या दिवशी मळ्यात मी मॅडम होऊन गेले, आणि माझा बाप माझ्यासमोर परक्यासारखा गप्प उभा राहिला.