बार्तोलो आजोबांचं लग्न

बँकांनी लोकांचे पैसे आत घेऊन दारं लावली, त्या साली आमच्या गावाला एकाएकी आपापले आजोबा आठवले. एरवी ते स्मशानात गपगुमान पडून असत. मृतांच्या दिवशी कुणी शेवंती ठेवली तर ठेवली. आता कळलं, की इटलीतल्या पिएमोंतेहून बोटीने आलेल्या त्या माणसाचा जन्मदाखला सापडला तर इटलीचा पासपोर्ट मिळतो. मग नातवंडांचा आजोबांवर असा काही जीव जडला की विचारू नका.

एर्सीलिया बोर्गारेल्लोचा जीव मात्र जुना. बाई बहात्तर वर्षांची, विधवा, ताज्या पास्त्याच्या दुकानाची मालकीण, शिवाय चर्चमध्ये मुलांना पहिल्या कम्युनियनची शिकवणी देणारी. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांना ती राव्हिओली विकायची नाही असं नाही. फक्त काट्यावर नेमकी तोलून. लग्न लागलेल्यांना मूठभर वर. बार्तोलो आजोबा आणि पाउलिना आजी यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला ती दरवर्षी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना करवून घ्यायची. तारीख खुद्द पाउलिना आजीने सांगितलेली. आजी खोटं बोलू शकते, हे शिकवणीत कुठेच नव्हतं.

तिची नात यानिना परिचारिका. इथला दवाखाना बंद पडला होता, तोरिनोत नोकरी ठरली होती. अडलं होतं ते इटलीच्या नागरिकत्वापाशी. बार्तोलोनंतर एर्सीलियाचे वडील, मग एर्सीलिया, मग तिचा मुलगा आणि मग यानिना, अशी साखळी जोडून दाखवायची होती. त्या कामी त्यांनी मिर्ता नावाची बाई धरली होती. लोकांचे कागद जमवणं हाच तिचा धंदा.

बार्तोलोचा जन्मदाखला पिएमोंतेहून आला आणि त्याच्या समासात एक नोंद निघाली. बोटीत बसण्याआधी बार्तोलोने त्याच गावात मादालेना नावाच्या मुलीशी लग्न केलं होतं. ती मेल्याची नोंद कुठेच नव्हती. इकडे पाउलिनाशी त्याचं लग्न लागल्याचं मात्र आसपासच्या एकाही चर्चला ठाऊक नव्हतं.

मिर्ताने हसू दाबत धीर दिला. मुलाची, म्हणजे एर्सीलियाच्या वडिलांची, जन्मनोंद करायला बार्तोलो स्वतः गेला होता, स्वतःचं नाव देऊन आला होता, तेव्हा साखळी शाबूत होती. वडील लग्नाबाहेरचे, एवढं इटलीच्या वकिलातीत खिडकीवर सांगायचं की झालं. आणि सांगायचं एर्सीलियाने, कारण अर्ज तिच्या नावाने होता. म्हाताऱ्यांना नंबर लवकर मिळायचा.

एर्सीलियाने दुसराच मार्ग सुचवला. पैसे टाकले की हवा तो दाखला बनवून देणारा माणूस असतो, असं तिने ऐकलं होतं. मिर्ता म्हणाली, बनावट कागदाचं सोडा, पण मग आजोबांच्या नावावर एकाच वेळी दोन बायका होतील, आणि तो गुन्हा.

"दोन लग्नं केली तर केली," एर्सीलिया म्हणाली. "पण लग्न केलं ना? तसाच नाही राहिला."

"आजी, तुला गुन्हेगार आजोबा चालतो?" यानिनाने विचारलं.

"गुन्हेगार काय, चांगल्या घरातही निघतो."

यानिना भांडली नाही. कागद नसले तरी जाईन, तिकडे लपूनछपून म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलीन, एवढंच म्हणाली. देवाला तर हे प्रकरण पहिल्यापासून ठाऊक होतं. इतक्या मिस्सांमध्ये त्याने अवाक्षर काढलं नाही, हा त्याचा खानदानीपणा. पण आता एर्सीलिया जपमाळ घेऊन बसली की पाउलिनाच्या नावामागून मादालेनाचं नाव आपसूक ओठावर येई. पत्राची वाट बघत ती बाई कुठल्या दाराशी म्हातारी झाली असेल? या घराच्या अब्रूपायी एक बाई आधीच मागे राहिली होती. आता यानिनाची परवड नको.

रोसारिओ शहरातल्या वकिलातीच्या कचेरीत एर्सीलिया अंत्यविधीचा काळा पोशाख घालून गेली. खिडकीतल्या मुलीने आजी-आजोबांचा लग्नाचा दाखला मागितला.

"नाही. ते लग्न न करता राहिले, मरेपर्यंत. आजोबांची बायको तिकडे होती." हे तिने मागच्यांनाही ऐकू जाईल असं सांगितलं. लाज सोडायचीच तर अर्धवट कशाला?

"बरं. पुढचा कागद."

"तुम्हाला ऐकू आलं ना?"

"आलं, सेन्योरा. सकाळपासून तुम्ही पाचव्या."

अर्ज दाखल झाला. यानिनाने आजीला मिठी मारली, पण आजीचा चेहरा पडलेला. पाउलिना आजीने मरेपर्यंत पोटात दडवून जपलेलं पाप, आणि खिडकीतल्या पोरीने साधी भुवईसुद्धा उचलली नव्हती.

दोघी बाहेर आल्या. रांग कोपऱ्यापलीकडे गेली होती. तीत गावातले बरेच जण होते: औषधवाल्याची विधवा, सहकारी संस्थेचे अध्यक्ष, ज्यांच्या आजोबांचं नाव रस्त्याला दिलं होतं ते राक्का बंधू. सगळ्यांनी आपापल्या फायली छातीशी घट्ट धरलेल्या. एर्सीलिया थबकली. हळूहळू तिच्या गालांवर रंग चढला. मग ती प्रत्येकापाशी थांबत, हात हातात घेत, घरातल्या मोठ्यांची आस्थेने चौकशी करत रांगेच्या टोकापर्यंत गेली. विशेषतः आजोबांची.