बाबांचे दुबईपर्यंतचे दोन तास

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे मिठबावातल्या आमच्या घरी येणारा प्रत्येक कागद माझ्या हातात येतो. मी वाचते, सांगते, आणि मी सांगितलं की ते ठरतं. याचा मला अभिमान आहे, लपवायचं काय त्यात.

ताईला दुबईत मुलगी झाली तेव्हा बाबांचं आणि माझं विमानाचं तिकीटही असंच माझ्याकडे आलं. बाबांना नात बघायची होती, पण विमानात बसायचं नव्हतं. कारण एकच. त्यांचा जन्म मासेमारीत गेला. समुद्रात गरज लागली की होडीच्या काठाला उभं राहायचं, झालं काम. विमानातला संडास मात्र मोठ्यानं आवाज करून सगळं आत ओढून घेतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यात ते पाऊल टाकणार नव्हते.

"किती वेळ बसाक लागतला, ता सांग," ते म्हणाले.

मी तिकीट पाहिलं. गोव्यातल्या मोपा विमानतळावरून अकराला सुटणार, दुबईला एकला पोचणार. फोनवर अंतरही काढलं, साधारण एकोणीसशे किलोमीटर. भागाकार केला, तासाला साडेनऊशे. विमान तेवढं पळत असणारच. "दोन तास," मी बी.कॉम.च्या आवाजात सांगितलं. मिठबावहून मोपाला पोचायलाच त्याहून जास्त लागतील, हेही सुनावलं.

बाबा तयार झाले. त्या दिवशी सकाळी त्यांनी चहा घेतला नाही, पाण्याचा घोटही नाही. विमान सुटल्यावर दीड तास ते हात मांडीवर ठेवून बसून होते. मलाच दया आली. आता अर्धाच तास उरलाय म्हणत मी त्यांना ग्लासभर ज्यूस पाजला.

बरोबर एक वाजता त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, पट्टा सोडला आणि उभे राहिले. खाली नुसतं पाणी.

"दुबई खंय आसा गो?"

उशीर झाला असेल, मी म्हटलं. शेजारच्या सीटवर खारेपाटणचे एक मुसलमान गृहस्थ होते, दुबईत बरीच वर्षं कापडाच्या दुकानात काम करणारे. त्यांनी हसू दाबत सांगितलं, की तिकिटावरचा एक हा तिथला एक, आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. म्हणजे अजून दीड तास.

सूर्य पश्चिमेला उशिरा पोचतो हे मी शाळेत पाठ केलं होतं, मार्कही मिळवले होते. तिकीट वाचताना ते आठवायला हवं होतं.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. खाली बसले, पुन्हा उठले, आणि मला ओलांडून त्या गृहस्थांकडे वाकले.

"भाव, माझ्यावांगडा येशात काय?"

मी उठायला लागले.

"तू बस. तुका काय्येक म्हायत नाय."

ते दोघे मागे गेले. गृहस्थ दाराबाहेर उभे राहून कडी कशी लावायची, कुठलं बटण दाबायचं ते आत सांगत होते, आणि शेवटच्या चार रांगा ऐकत होत्या. बराच वेळ गेला. मग तो आवाज आला.

बाबा साबणाचा वास घेऊन परतले. बसल्याबसल्या त्यांनी चहा मागितला, त्यावर दोन ग्लास पाणी. उतरायच्या आधी ते पुन्हा एकदा जाऊन आले. या वेळी एकटे, आणि माझ्या अंदाजानं गरज नसताना.