तासाभराची जमीन

मुंबईला जायला मी मुरुड सोडले त्या सकाळी मला आगबोटीपर्यंत पोचवायला एकच माणूस होता, माझा बाप. आगबोट किनाऱ्यापासून लांब खोल पाण्यात उभी राहते आणि उतारू पडावातून तिच्यापर्यंत जातात. पडाववाले मला नाही म्हणाले नाहीत. मी पुढे झालो की पडाव भरलेला असे, एवढेच. तिसऱ्या खेपेनंतर बाने आमची लहान होडी पाण्यात लोटली. आई मांडीइतक्या पाण्यात उभी राहून सुक्या जवळ्याची पुरचुंडी माझ्या हातात देत होती, तेव्हा किनाऱ्यावर कोळीवाड्यातली वीसेक माणसे जाळी विणत बसली होती. त्यांतल्या एकानेही मान वर केली नाही.

वल्हवताना बा एकदाच बोलला. "थयं आपली मानसं हायत. दर एकोनीस दिसांनी जमतात. चुकवू नको."

मिठाच्या सत्याग्रहाच्या चार वर्षे आधीची ही गोष्ट. मी अठरा वर्षांचा होतो. आपली माणसे म्हणजे बहाई. मुरुडमध्ये त्या वेळी बहाई तिघे होते, बा, मी आणि तिसरा जमिनीखाली.

तो जमशेदकाका. धक्क्याकडे जाणाऱ्या वाटेवर त्याचे पावाचे आणि सोडावॉटरचे दुकान होते. इराणातून मुंबईला आणि तिथून आजारपणात हवा मानवते म्हणून मुरुडला आलेला माणूस. बा पहाटे समुद्रावर जाण्याआधी त्याच्याकडे चहा घेई. काकाच्या मोडक्या मराठीत आणि बाच्या मोडक्या हिंदुस्थानीत त्यांचे काय बोलणे होई ते मी लहानपणी पावाच्या फळीजवळ बसून ऐकले आहे. देव एक, माणूस एक, आजवरचे सगळे धर्म एकाच शाळेच्या वरच्या वरच्या इयत्ता. बाला लिहितावाचता येत नव्हते, पण रोजची लहान प्रार्थना त्याने पाठ केली. मच्छव्यावर दुपारी तोंडहात धुऊन तो ती म्हणे. खलाशी हसत. एवढ्यावर कोळीवाड्याने काही केले नसते.

दारू सोडल्यावर मात्र सुरुवात झाली. शिमग्याला जमातीतल्या प्रत्येक घरात दारू येते आणि तांडेल, म्हणजे मच्छवा हाकणारा प्रमुख, पहिला प्याला घेतो. बा तांडेल होता. बहाईंचा एकोणीस दिवसांचा उपास मार्चात येतो. त्या वर्षी शिमगा नेमका त्यातच आला. बा सूर्य मावळेपर्यंत पाणीही न घेता होळीपाशी उभा राहिला. जमातीचा पाटील सगळ्यांदेखत म्हणाला, "काय रं तांडेल, रोजे ठेवलेस, आता बांग कंदी देतंस?"

"तू बाटली सोड, मंग देतो," बा म्हणाला. लोक हसले. पाटील हसला नाही.

त्याच वर्षी जमशेदकाका गेला. जन्माने पारशी असला तरी तो आता पारशी राहिला नव्हता. मुसलमान मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांनी बाला बसवून चहा दिला आणि सभ्यपणे सांगितले की कबरस्तानात जागा देता येणार नाही. कोळीवाड्यात विचारण्याचा प्रश्नच नव्हता. काकाचा भाऊ मुंबईहून आला, तो प्रेत आगबोटीने नेऊ म्हणाला. बाने त्याला थांबवले. बहाईंचा नियम असा की माणूस ज्या गावी मरेल तिथून तासाभराच्या वाटेपलीकडे त्याला पुरायला न्यायचे नाही. मरणाऱ्याच्या इच्छेनेही नाही. आगबोटीला सहा तास लागतात. काकाने हे बाला स्वतः सांगून ठेवले होते.

खाडीच्या काठाला आमची पाच माडांची वाडी होती. दुकानापासून चालत वीस मिनिटांची वाट. बाने तिथे स्वतः खड्डा खणला. त्याने आणि काकाच्या भावाने मिळून काकाला धुतले, पांढऱ्या कापडात गुंडाळले आणि पुरले. आठवड्याच्या आत जमातीने आम्हांला वाळीत टाकले. मच्छव्यावरचे पाचही खलाशी उतरले. आईच्या पाटीतली मासळी बाजारात कोणी हुंगेना. आई बहाई झाली नव्हती, अजूनही नाही. तिने एकवीरेचा टाक देव्हाऱ्यात ठेवला आणि नवऱ्याला सोडले नाही. हे मी तिच्या बाजूने इथे नोंदवतो, कारण कोळीवाड्यात अजून वेगळे सांगतात.

काकाला पुरल्यावर बाने शेजारची जागा मोजली. मच्छवा आता चालत नव्हताच. त्याच्या नांगराचे चार दगड आणून बाने चार कोपऱ्यांना ठेवले. आईला म्हणाला, "ही माजी. ह्याला एकट्याला ठेवनार न्हाय."

मुंबईत मी आधी एका छापखान्यात खिळे जुळवले, मग एका दैनिकात प्रुफे तपासली, मग बातम्या लिहू लागलो. मुरुडच्या लोकांना वाटते तसे तिथले जीवन नव्हते, आणि मुंबईत आलेल्या मुरुडकरांना मी सांगतो तसेही नव्हते. खोलीत आम्ही सहाजण झोपत होतो. पण दर एकोणीस दिवसांनी मी धुतलेला शर्ट घालून मंडळींकडे जाई. दोन खोल्यांत इराणी, गुजराती, एक मद्रासी पोस्टमास्तर, दोन मराठी शिक्षक. आधी प्रार्थना, मग कामकाज, मग चहा आणि खारी. चहा देणारा आणि घेणारा यांची जात तिथे कोणी विचारली नाही. वाळीत टाकलेल्या घरातून आलेल्या मुलाला याची किंमत काय असते ते मी सांगत बसत नाही.

पुढे मला त्यांच्या नऊजणांच्या सभेवर निवडले आणि मी इतिवृत्त लिहू लागलो. आमच्यात पुरोहित नाही, मुल्ला नाही. महत्त्वाचे काही असेल तर नऊजण बसतात. प्रत्येकाने मनातले सगळे बोलायचे, एकदा बोललेले आपले म्हणून धरून ठेवायचे नाही. मग जे ठरेल ते सगळ्यांचे. ते चूक ठरले तरी आतून कोणी कुरकुर करायची नाही. एकोप्याने पाळलेली चूक लवकर उघडी पडते आणि सुधारता येते, असे आम्ही मानतो. मी अजूनही मानतो.

सत्याग्रहाला चार वर्षे झाली, त्या उन्हाळ्यात आईचा निरोप आला. बाच्या पोटात गाठ होती. त्याला मुंबईच्या इस्पितळात आणायला मी चैत्रात मुरुडला गेलो. या वेळीही तीच लहान होडी, पण वल्ही मी मारली आणि बा तळाला गोधडीवर पडला होता. आई पाण्यात उभी होती. तिने पुरचुंडी दिली नाही. होडीची कड धरून ती म्हणाली, "जिता नेतंस, जिता आन. मेल्यावर तुमचं लोक येऊ देनार न्हायत."

"पावसाच्या आत आणतो," मी म्हणालो.

हा शब्द मी तिला दिला. पुढचे सगळे त्याच्याभोवती आहे.

पावसाळ्यात कोकणच्या आगबोटी बंद होतात. मग मुरुडला जायचे तर धरमतरपर्यंत लाँच, पुढे बैलगाडी आणि वाटेतल्या खाड्या. पोटात गाठ असलेला माणूस त्या वाटेने जिवंत पोचत नाही. म्हणून मेअखेरीची शेवटची आगबोट हीच बाची मुदत होती. इस्पितळातल्या डॉक्टरांनी एकदा पोट उघडले आणि पुन्हा उघडावे लागेल असे सांगितले. पुन्हा म्हणजे जूनमध्ये. वाचण्याची आशा आहे का, असे मी विचारले. ते म्हणाले, "आहे." किती, ते मी विचारले नाही. बातमी लिहिताना मी हा प्रश्न कधी सोडला नसता.

बाला त्याच संध्याकाळी मी हे सांगितले. तो म्हणाला, "मना घरी ने. जमशेद थयं एकटा हाय."

"सभेला विचारतो," मी म्हणालो. त्याने मान हलवली. त्याचा सभेवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

आगबोट सुटायला दोन दिवस असताना नऊजण बसले. मी डॉक्टरांचे म्हणणे क्रमवार सांगितले. दुसरी शस्त्रक्रिया, तिची तारीख, आशा आहे हे. मुरुडला डॉक्टर नाही हेही सांगितले. जाणत्या वैद्याचे ऐकावे अशी आमच्यात शिकवणच आहे, त्यामुळे बोलणे एकाच दिशेने चालले. मग शिरीनबाई बोलल्या. बेकरी चालवणारी साठीची इराणी विधवा. सभेत त्या सगळ्यांत कमी बोलत.

"हे समदा डॉक्टरचा झाला," त्या म्हणाल्या. "तांडेलकाकाला काय पायजे? त्याला कोणी विचारला काय?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "त्यांना बरं व्हायचंय."

वाक्य खोटे नव्हते. कोणाला बरे व्हायचे नसते? चार दगडांबद्दल मी बोललो नाही. जमशेदकाकाबद्दल बोललो नाही. आईला दिलेला शब्द सांगितला नाही. बा वाचावा असे मला वाटत होते, हे एक कारण. दुसरे असे की मुरुडला त्याच्या मरणापर्यंत मला त्या घरात राहावे लागले असते, पाणीही कोणी न देणाऱ्या वस्तीत. आठ वर्षे मुंबईत माणूस म्हणून राहिल्यावर मला ते नको होते. दोन्ही कारणे खरी आहेत. त्यांतले कोणते जड होते ते मला आजही सांगता येत नाही.

सभेने एकमताने ठरवले की उपचार पुरे करावेत. इतिवृत्तात ते माझ्याच अक्षरात आहे.

बाला मी खाटेशी बसून सांगितले. 

"सभेनं ठरवला?"

"होय."

"मंग ठरला," तो म्हणाला. पुन्हा त्याने घरी ने म्हटले नाही. एकदाही नाही. आगबोट सुटायच्या दिवशी सकाळी त्याने फक्त एवढे विचारले, "वारा खयचा हाय?" मी खिडकीशी जाऊन आलो आणि नैऋत्येचा म्हणून सांगितले. "बोट हालंल," तो म्हणाला आणि कुशीवर वळला.

दुसरी शस्त्रक्रिया झालीच नाही. ताकद नव्हती. आषाढात, दुपारी, इस्पितळातच तो गेला. मी आणि पोस्टमास्तर यांनी त्याला धुतले. सभेचे दोघेजण आधीच घड्याळ लावून वाट पाहून आले होते. पाणी तुंबलेल्या रस्त्याने आमच्या लोकांच्या दफनभूमीला गाडीला पन्नास मिनिटे लागतील असा त्यांचा हिशोब होता, आणि लागलीही तेवढीच. नियमाच्या आत दहा मिनिटे उरली. खड्ड्यात गुडघाभर पाणी होते. दोन माणसे डब्यांनी ते उपसत होती, आणि एकाने मृतासाठीची लांब प्रार्थना म्हटली, ती आम्ही उभ्याने ऐकली. बाच्या एका बाजूला भिंत आहे, दुसऱ्या बाजूला पुरलेला इराणातल्या यझ्दचा एक कापडवाला. दोघांपैकी कोणालाही बाची भाषा येत नव्हती.

पुढच्या बैठकीत मी सगळे सांगितले. कोणी रागावले नाही. रागावले असते तर बरे झाले असते. शिरीनबाई म्हणाल्या, "मला अजून एक वार विचारायला पायजे होता." आपली चूक म्हणून त्यांनी ती उचलली. मी इतिवृत्त लिहिण्याचे काम सोडले.

नारळी पुनवेनंतर पहिल्या आगबोटीने मुरुडला गेलो. तार आईला आधीच पोचली होती. ती मला घरात न नेता वाडीवर घेऊन गेली. काकाची कबर सारवलेली होती. शेजारच्या चार दगडांच्या मधले गवत तिने कापले होते.

"तो काय बोल्ला न्हाय?" तिने विचारले.

"बोलला होता."

"काय बोल्ला?"

"घरी ने म्हणाला."

"मंग तू त्यांना सांगितलंस?"

"नाही."

ती दगडावर बसली. खाडीला ओहोटी होती. "कोळीवाड्यानं त्याला हितं जगू दिला न्हाय," ती म्हणाली. "तू मरू दिला न्हायस."

 संध्याकाळी तिने जेवायला वाढले. जाताना होडीपर्यंत ती आली नाही.

या गोष्टीला आता चार वर्षे झाली. वाळीत टाकणे ढिले पडले आहे. पडाववाले मला घेतात. जुना पाटील गेल्या उन्हाळ्यात धक्क्यावर भेटला आणि बाची कबर कुठे आहे म्हणून त्याने विचारले. मुंबईला, असे सांगितल्यावर म्हणाला, "तांडेल आनि थयं? समुद्र तरी दिसतो काय थयनं?" दिसत नाही. दर वर्षी उपास संपला की मी आमच्या नववर्षाच्या दिवशी त्या भिंतीशी जातो आणि त्यानंतरच्या आगबोटीने आईकडे.

मुरुडला राहिलेल्यांपैकी काहींना वाटते की गेलेले आम्ही घर विसरलो. मुंबईला आलेल्यांपैकी काहींना वाटते की घर मागे ठेवलेले असते आणि केव्हाही जाऊन उचलता येते. दुसऱ्या समजुतीवर मी स्वतः आठ वर्षे काढली. इतर लोकांची प्रेते, निदान राख, गावी जाते. आमच्यात तेही नाही. जिथे शेवटचा श्वास, तिथली तासाभराची जमीन, मग ती कोणाच्याही शेजारची असो.

यंदा गेलो तेव्हा वाडीवर चारांपैकी एक दगड कलंडला होता. आता कोणी येणार नाही त्या जागेवर, म्हणून मी तो उचलून बाजूला ठेवू लागलो. आईने माझा हात धरला. तिची दृष्टी आता कमी झाली आहे, पण दगड कुठला ते तिला हाताने कळले.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "ही जागा तुला लागंल."

मी दगड जागेवर ठेवला. तिने पायाने माती दाबली.

"पन पावसाच्या आत ये," ती म्हणाली. "जिता ये."