मास्तरांची मान

आमच्या डायलिसिस विभागात बावीस वर्षं टिकलेला माणूस एकच, टेलरमास्तर. एकोणतिसाव्या वर्षी पहिली सुई टोचून घेतली, तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास. ठरत आलेलं लग्न मोडलं, दुकान मात्र चालू ठेवलं. मी सुया टोचायला लागले की मास्तर म्हणायचे, "सिस्टर, टाके सरळ घाला." मीही ऐकून घेणारी नाही. "गप्प पडा, नाहीतर काजं करून ठेवीन."

आठ वर्षांपूर्वी त्यांच्या उजवीकडच्या बेडवर पोस्टातल्या बाई आल्या. नवरा कधीचाच गेलेला, जिभेला धार. मास्तरांचा डावा हात सुयांमुळे हलवायचा नाही, म्हणून ते उताणे पडून नुसती मान उजवीकडे वळवायचे आणि चार तास बोलायचे. कापडं, पत्रं, शेजाऱ्यांच्या उचापती. त्या दोघांचं काय आहे हे सगळ्या विभागाला कळत होतं. त्यांनाही कळत असणारच, पण बोलायचं कुणी?

गेल्या वर्षी मास्तरांच्या हातून कात्री पडायला लागली. स्वतःच्या शर्टाचं बटण लागेना. चालताना झोक जायचा. "वय झालं," म्हणून त्यांनी कानाडोळा केला, पण माझ्या मनात पाल चुकचुकली. मीच त्यांना धरून मणक्याच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी समजावलं. मशीननं रक्तातून जे पुरतं धुतलं जात नाही, ते इतक्या वर्षांत सांध्यांमध्ये साचतं. मानेचे अगदी वरचे मणके त्यानं पोखरून सैल केले होते, आणि आतला मज्जारज्जू दाबला जात होता. एखादा जोराचा धक्का बसला तर हातपाय जातील, कदाचित श्वासही. उपाय एकच: कवटीपासून खाली सळ्या आणि स्क्रू टाकून मान जखडायची. बावीस वर्षं डायलिसिसवर काढलेल्या माणसाची हाडं ठिसूळ, म्हणजे ऑपरेशनलाही धोका होताच.

"मान वळेल ना?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. बाजूला बघायचं तर अख्खं अंग वळवायचं."

"आणि मशीनवर असताना?"

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. मला कळला.

मास्तरांनी दोन महिने आज-उद्या केलं. शेवटी बाईंनीच विषय काढला. "ऑपरेशन का करून घेत नाही?"

"मान वळणार नाही म्हणतात."

"मग? वळवून कुठली दौलत बघायचीय?" बाई कडाडल्या. "उद्या हा बेड रिकामा झाला तर मी कुणाशी बोलू?" शेवटच्या शब्दांना त्यांचा आवाज फाटला. मास्तरांनी त्याच दिवशी सही केली.

ऑपरेशन सात तास चाललं. दोन महिने डायलिसिसही त्याच हॉस्पिटलात झालं, मग मास्तर आमच्याकडे परत आले ते गळ्यात पट्टा घालून, पण शर्टाची बटणं स्वतः लावून. "आता ताठ मानेनं जगणार," म्हणाले. मी शहाणपणा केला आणि त्यांना समोरच्या रांगेत, बाईंच्या बरोबर समोर बेड दिला. बेडची पाठ उंच करून दिली. बाई दिसत होत्या. पण मध्ये मशीनची घरघर, आणि त्यांचं बोलणं काही ओरडून करण्यासारखं नव्हतं. बाई तर तोंडापुढे पेपर धरून बसायच्या. चार वेळा असं झालं. पाचव्यांदा मास्तर म्हणाले, "सिस्टर, मला माझ्या जागी न्या."

"तिथून दिसणार नाहीत."

"बोलतील तरी."

नेलं. पूर्वी मास्तर बघायचे तेव्हा बाई अवघडून छताकडे तोंड करून बोलायच्या. आता मास्तरांची नजर छताला, आणि बाई मान वळवून चार तास त्यांना डोळे भरून बघतात. आठ वर्षांचं बघायचं राहिलेलं एकदम बघून घेतात. माझाच जीव तुटतो.

परवा मास्तरांनी विचारलं, "बाई, कुठे बघताय?"

"छताकडे. अजून कुठे?"

बाईंचं मशीन आधी सुटतं. त्या गेल्यावर मला राहवेना. सुया काढताना हळूच म्हटलं, "मास्तर, बाई खोटं बोलतात."

"ठाऊक आहे," मास्तर म्हणाले. "आवाज पूर्वी वरून यायचा. हल्ली सरळ कानात येतो. पण तुम्ही त्यांना काही बोलू नका हं, सिस्टर. मला कळलंय हे समजलं, तर परत छताकडे बघायला लागतील."