काकडेंच्या नंबरवरून आलेलं नवीन खातं

"खरेदीखतात एवढा खाते क्रमांक बदला मॅडम, मी लगेच बँकेत जातो," असं म्हणत रशीद सरांनी सही केलेला चेक आणि भरलेला आरटीजीएसचा फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला. आरटीजीएस म्हणजे मोठी रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात थेट पाठवायची सोय. चुकीच्या खात्यात गेलेली रक्कम परत आणणं फार अवघड असतं.

मी वकील आहे. घरांची खरेदीखतं करते. रशीद सर निवृत्त शिक्षक. जन्म भाड्याच्या घरात गेला, आता पडेगावला रो-हाऊस घेत होते. निवृत्तीचे मिळालेले सगळे पैसे, बत्तीस लाख, त्या फॉर्मवर होते.

"क्रमांक का बदलला?"

"मालकीणबाईंचं जुनं खातं बंद पडलं म्हणे. काकडेंनी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं."

काकडे हे या सौद्यातले एजंट, फुलंब्रीचे. मी मेसेज वाचला. 'सलाम सर. आपांचा गुडघा कसा हाय आता? बाईंचं खातं फ्रीज झालंय, त्यांच्या भाच्याचं पाठवतो. लई घाई नाय, पण आज झालं तर बरं.' आपा म्हणजे सरांची थोरली बहीण. काकडे अगदी असंच बोलतात. नंबरही त्यांचाच.

पण इसारपावतीत, म्हणजे सौदा ठरताना केलेल्या करारात, बाईंचंच खातं लिहिलं होतं. ते बदलायचं तर मी मालकाशी बोलते. एजंटाचा निरोप मला पुरत नाही. इसारपावतीवरचा नंबर पाहून मी नाशिकला मालकीणबाईंना फोन लावला.

"माझं खातं चांगलं चालू आहे," बाई म्हणाल्या. "कालच पेन्शन जमा झाली. आणि मला भाचा नाही हो."

मी काकडेंना बोलावून घेतलं. ते रजिस्ट्री ऑफिसात होते, दहा मिनिटांत आले.

"आईशप्पथ सर, म्या नाय पाठवलं."

"उभी हयात पोरांकडून हेच ऐकलंय काकडे," सर म्हणाले. "'सर, म्या नाय केलं.' मग हे कुणी लिहिलं, तुमच्या भुतानं?"

काकडेंनी स्वतःचा फोन उघडून दाखवला. सरांशी झालेलं बोलणं त्यात होतं, पण सकाळचा मेसेज नव्हता. मी दोन्ही फोन टेबलावर शेजारीशेजारी ठेवायला सांगितले.

काकडेंचे दोन्ही हात मांडीवर होते. तरी सरांच्या फोनवर काकडेंच्या नावाखाली अक्षरं उमटली: टायपिंग.

सर खुर्ची पुढं ओढून स्क्रीनवर वाकले.

मेसेज आला. 'वकील मॅडमकडून निघालात का सर?'

सर माझ्याकडं येत असल्याचं त्यांनीच सकाळी काकडेंना कळवलं होतं. म्हणजे कळवलं होतं कुणाला तरी. तोच मेसेज काकडेंच्या फोनवरही उमटला, आणि आमच्या डोळ्यांदेखत पुसला गेला. फोनला कुणी हात लावला नव्हता.

"मॅडम," काकडे म्हणाले, "ह्यो कोण हाय?"

मी त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपमधली लिंक्ड डिव्हायसेसची यादी उघडली. आपलं व्हॉट्सअ‍ॅप आणखी कुठल्या कॉम्प्युटरवर चालू आहे, ते तिथं दिसतं. एक कॉम्प्युटर होता. तीन आठवड्यांपासून चालू.

"बाहेर कुठं प्रिंट काढली होती?"

"झेरॉक्सवाल्याकडं. सरांची इसारपावती. व्हॉट्सअ‍ॅप तिथंच उघडलं."

"लॉगआउट केलं?"

"मधीच लाईट गेली मॅडम. प्रिंट निघाली व्हती, म्या उठून आलो."

आमच्याकडं सगळे एजंट असंच करतात. त्या कॉम्प्युटरवर नंतर कोण बसलं, झेरॉक्सवाल्यालाही सांगता आलं नाही. जो कोण होता, तो तीन आठवडे गप्प राहून सगळं वाचत होता. सौदे, तारखा, आपांचा गुडघा.

मी दोन्ही स्क्रीनचे फोटो काढले आणि त्या कॉम्प्युटरला लॉगआउट केलं. सरांच्या फोनवर पुन्हा 'टायपिंग' दिसत होतं, ते थांबलं. सरांनी आरटीजीएसचा फॉर्म फाडला. तुकडे माझ्या टेबलाखालच्या टोपलीत टाकले.

"या तीन आठवड्यांत आणखी कुणाकुणाचे व्यवहार चालू होते?" मी काकडेंना विचारलं.

तिघांचे. स्पीकरवर फोन लावायला सांगितलं. पहिल्या दोघांना काही माहीत नव्हतं. तिसरा वैजापूरचा गृहस्थ, प्लॉट घेणारा.

"पैसे? परवाच टाकले की," तो म्हणाला. "तुम्हीच तर नवीन खातं दिलं, काकडे. पोचले म्हणून हात जोडलेलं चित्रबी पाठवलं तुम्ही. इसरले का?"

काकडे खुर्चीवरून उठले आणि परत बसले.

त्याच दुपारी आम्ही सायबर पोलिसांकडं गेलो. वैजापूरच्या पैशांतली थोडी रक्कम गोठवता आली. बाकीची गेली. रशीद सरांनी दुसऱ्या दिवशी बाईंच्या जुन्या खात्यात आधी हजार रुपये पाठवले, ते पोचल्याचं फोनवर बाईंच्या तोंडून ऐकलं, मगच उरलेले पाठवले. आता ते पडेगावला राहतात.

खातं बदलल्याचा निरोप आला, तर ज्याला पैसे मिळणार आहेत त्याला कागदावरच्या नंबरवर स्वतः फोन करा. निरोप आणणाऱ्याला विचारून उपयोग नाही, तो हो म्हणेलच. आणि लिंक्ड डिव्हायसेसची यादी आज उघडून बघा. अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर आधी फोटो काढा, मग लॉगआउट करा. पोलीस पुरावा मागतात.