वरची वस्ती वगळून

गावात पाणी कुठून येतं हे कुणाला नीट माहीत नव्हतं, पण ते कोण सोडतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चावीकाका सोडतात. खांद्यावर छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी, पायात रबरी बूट, आणि चाल अशी की जणू पालिका यांच्याच खिशात आहे. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत घालायची आणि साडेअकरा फेरे द्यायचे. घाईने फिरवलं की पाइप फुटतो, असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे आणि प्रत्येक नवा माणूस घाईनेच फिरवायचा. म्हणून अठ्ठावीस वर्षांत त्यांनी ती चावी फारशी कुणाच्या हाती दिली नाही. नाव त्यांनाही होतं, पण ते फक्त पगारपत्रकावर. बायकोसुद्धा शेजारणींपाशी 'आमचे चावीवाले' असंच म्हणायची.

अशा माणसाची एकुलती एक लेक दिली कुठे, तर वरच्या वस्तीत. टेकडीच्या उतारावर दाटीवाटीने बसलेली घरं, आणि खालच्या रस्त्यापासून तिथवर एकशे सदुसष्ट पायऱ्या. नळ एकच, तोही पायथ्याला. जावई सालस, सासू समजूतदार, घर छोटं पण नीटनेटकं; फक्त पाणी डोक्यावरून चढवायचं. पालिकेतले लोक थट्टा करायचे, "काका, गावाला पाणी सोडता सोडता लेकीच्या सुखावरच पाणी सोडलंत की." काका हसायचे. मग दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत लेक भरलेल्या कॅनसकट ओल्या पायऱ्यांवरून घसरली. मनगट मोडलं. जुळलं, पण किंचित वाकडंच. कुलूप उघडायला तिला दुसऱ्या हाताचा टेकू लागायला लागला. त्या दिवसापासून काका ती थट्टा ऐकून हसले नाहीत.

त्या सुमारास पालिकेत बाई होत्या. नगराध्यक्ष वगैरे कागदावर. गावाच्या तोंडी त्या 'बाई'च, कारण निम्म्या गावाला त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं. कारभारही त्या गणितासारखाच करायच्या. रीत बरोबर हवी, उत्तर बरोबर हवं, आणि उत्तर आल्याशिवाय पाटी वर करायची नाही. बाईंनी आल्या आल्या जुना पाइप खणायला घेतला. हा पाइप चार ठिकाणी गटारातून जायचा, हे काका वीस वर्षं ओरडून सांगत होते आणि वीस वर्षं कुणी कान दिला नव्हता. बाईंनी दिला. वर विचारलं, "चार ठिकाणं कुठली, दाखवाल?" काका त्यांना गल्लीगल्लीतून घेऊन फिरले. बाईंनी साडी सावरून गटारात डोकावून पाहिलं आणि नाकाला रुमाल लावला नाही. काका तिथेच त्यांचे झाले.

नवा पाइप पडला. खालच्या गावात पाणी दिवसभर यायला लागलं. दरवर्षी उन्हाळ्यात कावीळ यायची, ती आली नाही. दवाखान्यातला कंपाउंडर दुपारी माश्या मारत बसायला लागला. आता याचं श्रेय गावाने कुणाला द्यावं? यंदा हवा चांगली होती म्हणून कावीळ नाही, असं लोक म्हणाले. कंपाउंडर म्हणाला, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. आणि दिवसभर पाणी यायला लागल्यावर महिन्याभरात लोक असे वागायला लागले की जणू ते जन्मल्यापासून येतच होतं. माणसाला नळ कोरडा पडल्यावरच नळाची आठवण येते, हे काकांइतकं कुणाला कळणार?

ते बाईंना म्हणाले, "बाई, लोकांना सांगा की. चौकात एक सभा घ्या."

"कशाला? काम दिसतंय."

"पाइप जमिनीखाली आहे बाई. काय दिसणार?"

बाई हसल्या, पण हलल्या नाहीत. आधीच्या लोकांनी नुसती भाषणं केली, मिरवून घेतलं, आपण मिरवायचं नाही, असा त्यांचा बाणा. तो काकांना आवडायचाही. इथेच त्यांचं चुकलं, असं नंतर त्यांना वाटत राहिलं.

पुढचा टप्पा वरच्या वस्तीचा होता. टेकडीच्या माथ्यावर टाकी बांधायची, पंपाने पाणी वर चढवायचं आणि तिथून उताराने घराघरात आणायचं. बाईंच्या खोलीत इंजिनिअरने नकाशा पसरला तेव्हा काका कोपऱ्यात उभे होते. इंजिनिअर म्हणाला, "वस्तीला दिवसभर पुरून उरेल एवढी टाकी आहे. चोवीस तास." काकांनी त्याला परत एकदा म्हणायला लावलं. मग लेकीच्या मनगटाची आठवण होऊन त्यांचे डोळे भरून आले आणि ते झाकण तपासायचं निमित्त करून बाहेर गेले.

बाईंनी त्यांना परत बोलावून सांगितलं, "नळाला पाणी येईपर्यंत तोंडात मिठाची गुळणी धरायची. घरीसुद्धा बोलायचं नाही. आधी सांगणं म्हणजे थापा मारणं."

काकांनी शब्द दिला. आणि पाळला, हेच तर झालं.

माथ्यावर टाकी उभी राहू लागली. वस्तीला दिसत होतं की काहीतरी बांधकाम चाललंय, पण कुणासाठी ते कुणी सांगेना. माथ्यापलीकडे एक मोठं लॉज होतं, हिरवळ आणि पोहण्याचा तलाव असलेलं. टाकी लॉजसाठीच आहे, अशी कुजबुज सुरू झाली. लेकीने एकदा सरळ विचारलं, "बाबा, ती टाकी आपल्यासाठी आहे का? लोक म्हणतात कुठंतरी पाणी मुरतंय."

काकांच्या जिभेवर आलं होतं. ते म्हणाले, "वेळ आली की कळेल."

"म्हणजे नाही."

"मी नाही म्हणालो का?"

"'हो'सुद्धा नाही म्हणालात."

निवडणुकीला दोन महिने राहिले तेव्हा कुणीतरी बाईंना गळ घातली, पहिल्या टप्प्याचं निदान एक पत्रक तरी काढा. बाई कशाबशा तयार झाल्या आणि मजकूर लिहिण्याचं काम हेडक्लार्ककडे गेलं. या गृहस्थाने आयुष्यात साधं वाक्य लिहिलेलं नव्हतं. त्याने लिहिलं, 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, टप्पा क्रमांक एक अन्वये, वरची वस्ती वगळून, उर्वरित सर्व प्रभागांत नवीन जलवाहिनी कार्यान्वित करण्यात आलेली आहे.' खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. बाईंनी वाचलं, गणिताने सगळं बरोबर होतं, सही केली.

पत्रकं चिकटवायला काकाच. बारा भिंती, बारा पत्रकं, खळीची बादली. काकांनी मजकूर वाचला नाही. वाचायला त्यात काय, काम तर त्यांच्या डोळ्यांदेखत झालेलं. पत्रक सरळ बसलंय ना, हवा राहिली नाही ना, एवढं पाहिलं. वरच्या वस्तीच्या पायथ्याला भिंतीवर जागा कमी होती, खाली विजेची पेटी. तिथे त्यांनी पत्रकाची खालची दोन बोटं पट्टी आत दुमडली आणि ब्रशने असं घोटलं की नखाने निघणार नाही.

वस्तीने त्यातला एकच शब्द वाचला. वगळून. दुसऱ्या दिवशी तो पायऱ्यापायऱ्यांवर होता. आम्हाला वगळलं. लेखी वगळलं. वर सही करून वगळलं. लॉजचा मालक निवडणुकीला उभा होता; गावभर त्याची हसरी पोस्टरं आणि त्यावर 'तुमचा भाऊ'. भाऊने काय केलं, तर वस्तीत येऊन त्या पत्रकासमोर उभा राहिला आणि तो शब्द मोठ्याने वाचून दाखवला. बाकी त्याला काही बोलायची गरजच पडली नाही.

काका धावत बाईंकडे गेले. "बाई, आता तरी वर चला. टाकी दाखवा लोकांना. चोवीस तास म्हणून सांगा."

"वगळून म्हणजे पहिल्या टप्प्यातून. वाक्य नीट वाचलं तर कळतं."

"लोक वाक्य वाचत नाहीत बाई. त्यांना पायऱ्या चढायच्या असतात."

"मग तो त्यांचा प्रश्न आहे," बाई म्हणाल्या. आवाजही चढवला नाही.

काकांनी त्या संध्याकाळी शब्द मोडला. लेकीला सगळं सांगितलं : नकाशा, पंप, चोवीस तास. लेकीने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इतके दिवस विचारत होते तेव्हा वेळ आली नव्हती, आणि मतं मागायची वेळ आली तेव्हा आली होय? बाबा, तुम्हाला बाईंनी पाठवलं का?"

आजवर लेकीने त्यांना खोटारडा म्हटलं नव्हतं. आताही म्हणाली नाही. पण तिने कॅन उचलला आणि वाकड्या मनगटाने त्याची कडी धरली, ते तिने मुद्दाम त्यांच्यासमोर केलं असं काकांना वाटलं.

बाई पडल्या. वरच्या वस्तीने पाडल्या. त्या निकालाच्या दिवशी घरी गेल्या, नळ सोडून हातपाय धुतले आणि पुस्तक घेऊन बसल्या. काका भेटायला गेले तर म्हणाल्या, "आपण काम केलं. बस्स झालं." काकांना त्या क्षणी या बाईचा इतका राग आला की त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. हिच्या घरी नळ दिवसभर होता. हिला बस्स झालं म्हणायला काय जात होतं? ज्या माणसाने हिच्या शब्दाखातर पोटच्या पोरीपासून खरं लपवलं, त्याला साधं 'चुकलं' म्हणायचंही हिला सुचलं नाही.

टाकीचं काम जेमतेम शेवटच्या जोडण्यांचं राहिलं होतं. निवडून आलेल्या भाऊने ते तीन महिन्यांत उरकलं. मांडव घातला, ध्वनिक्षेपक लावला, टाकीवर पुरुषभर अक्षरांत स्वतःचं नाव लिहून घेतलं. आणि सोप्या, स्वच्छ भाषेत, शेवटच्या पायरीवरच्या म्हातारीलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "तुम्हाला वगळलं होतं. मी तुम्हाला पाणी देतोय. रोज सकाळी एक तास, घरात." वस्तीने टाळ्यांनी टेकडी डोक्यावर घेतली. लेकही टाळ्या वाजवत होती. एक तास ऐकून कुणाचाही चेहरा पडला नाही, कारण चोवीस तास कुणाला माहीतच नव्हते. उरलेल्या तेवीस तासांचं पाणी दुसऱ्या पाइपने लॉजच्या हिरवळीवर जाणार होतं.

तास मोजून द्यायची कामगिरी चावीकाकांची. सकाळी सात वाजता साडेअकरा फेरे उघडायचे, आठला साडेअकरा फेरे बंद करायचे.

पहिल्याच सकाळी लेक त्यांना दारातून म्हणाली, "बाबा, या ना, बघा नळ." तिने तो उघडला, बंद केला, परत उघडला. एका हाताने. तिचा चेहरा उजळला होता. मग ती म्हणाली, "अठ्ठावीस वर्षं तुम्ही पालिकेत. तुम्हाला जमलं नाही ते भाऊने तीन महिन्यांत केलं." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरंच तसं समजत होती.

काकांना राहवलं नाही. "बाईंनी केलंय ते. सगळं. आणि एक तास नाही, दिवसभर मिळणार होतं. तुला मी सांगितलं होतं."

"कागद कुठंय?"

कागद. काकांना एकदम ती दुमडलेली पट्टी आठवली. "आहे," ते म्हणाले. "खाली एक ओळ होती. माझ्याकडूनच ती आत दुमडली गेली. त्यात दुसऱ्या टप्प्याचं असणार. चल, दाखवतो."

लेकीने तिच्या नव्या नळाचं तांब्याभर पाणी घेतलं आणि दोघं एकशे सदुसष्ट पायऱ्या उतरून पायथ्याच्या भिंतीपाशी आले. पत्रक तसंच होतं. उन्हाने पिवळं पडलेलं, पण सरळ, एक कोपरा सुटलेला नाही. काकांनी त्यावर पाणी शिंपडलं, थांबले, परत शिंपडलं आणि रस्त्यातलं गंजलेलं झाकण सोडवतात तितक्या जपून अंगठ्याच्या नखाने पट्टी सोडवत आणली. फाटू दिली नाही. चष्मा वर लेकीच्या घरी राहिला होता, म्हणून म्हणाले, "तूच वाच."

लेकीने वाकून वाचलं, "टप्पा क्रमांक दोनबाबत यथावकाश कळविण्यात येईल."

"पुढे?"

"पुढे शिक्का आहे."

काकांनी स्वतःचे डोळे कागदाजवळ नेले. मग बोटाने अक्षरं चाचपली, जणू ओळ अजून कुठेतरी दुमडलेली असेल.

"बाबा, यथावकाश म्हणजे कधी?" लेकीने विचारलं. या वेळी तिच्या आवाजात संशय नव्हता, आणि तेच काकांना सोसवेना. ती पहिल्यांदाच त्यांच्यावर विश्वास ठेवायला तयार झाली होती, आणि त्यांच्या हातात दाखवायला काही नव्हतं.

त्यांनी घड्याळ पाहिलं. आठला पाच मिनिटं कमी होती. ओला कागद त्यांनी भिंतीवरून अलगद सोडवला, घडी करून खिशात घातला, भिंतीला टेकवलेली चावी खांद्यावर घेतली आणि लेकीला म्हणाले, "तू पळ वर. काय भरायचं राहिलं असेल ते भरून घे." मग ते झाकणाकडे चालू लागले, पाणी बंद करायला.